उजेडाच्या नळ्या

कुठल्याही लॅबमध्ये पाच वर्षं काढली की दोन गोष्टी साठतात: फुटलेली काच आणि किस्से. काच अधूनमधून भंगारात जाते. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते आपल्यालाच सांगत बसावं लागतं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या रिटायरमेंटच्या जेवणात कोणीतरी जुना भेटतो आणि म्हणतो, "अरे, ते हॅलोजनचं सांग ना." मग मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या किश्शांत मी असा वागलोय की आजही आठवलं तरी कान गरम होतात. आज निवांत बसलाच आहात, तर तेही सांगून टाकतो.

गोष्ट दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची. मी नाशिकच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीत पीएचडी करत होतो. घर नाशिक रोडला, येणं-जाणं सिटी बसने. 'नॅनो' हा शब्द तेव्हा नवा नवा होता. विषयाच्या नावात तो घातला की समोरचा माणूस जरा सरळ होऊन बसायचा. आमचं काम सांगायला सोपं होतं. झिंक ऑक्साइडची अतिशय बारीक पावडर करायची, ती पाण्यात टाकायची, त्यात जंतू सोडायचे आणि वरून उजेड पाडायचा. उजेड पडला की पावडर कामाला लागते आणि जंतू मारते. अंधारात ती फारसं काही करत नाही. म्हणजे उजेडाच्या नळीतले जंतू मेले आणि अंधाराच्या नळीतले जगले की मी डॉक्टर!

माणसं आम्ही चारच. गाईड देवरे सर, मूळचे सटाण्याकडचे. जंतू पुरवायला शेजारच्या मायक्रोबायोलॉजीची वैशाली, जी माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा दुप्पट हुशार. काचेची भांडी धुवायला आणि बाकी सगळंच करायला भोयेमामा, पेठच्या पुढच्या डोंगरातले. ते बारा वर्षं टेंपररी अटेंडंट होते. त्यांची परमनंटची फाइल एकदाची ऑफिसात सरकू लागली होती आणि ते रोज एकदा तिकडे जाऊन, काही न विचारता, नुसते दारात उभे राहून यायचे. आणि चौथा मी.

*

तर हॅलोजन. उजेड पाडायचा म्हणजे दिवा हवा. परदेशातले लोक जो दिवा वापरतात त्याची किंमत ऐकून सरांनी फोन खाली ठेवला. मग मी अक्कल चालवली आणि पंचवटीतल्या एका मांडववाल्याकडून लग्नातला हॅलोजन आणला. लाल स्टँडसकट. त्याला अजून झेंडूची वाळकी माळ लटकत होती.

पहिला प्रयोग झाला. अर्ध्या तासात सगळे जंतू साफ. मी धावत सरांच्या केबिनमध्ये. सरही धावत आले. वैशाली आली, तिने नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हणाली, "यात चहापत्ती टाकली असती तरी चहा झाला असता."

जंतू पावडरीने मेलेच नव्हते, ते शिजले होते. भोयेमामा कोपऱ्यात उभे होते, ते म्हणाले, मध्ये पाण्याचं ताट ठेवलं तर आच कमी लागंल. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. आठवड्याने सरांनी एका पेपरात तीच युक्ती वाचली, काचेच्या ताटात पाणी घालून दिव्याखाली धरायची. मी म्हणालो, "सर, हेच माझ्या डोक्यात होतं."

मामा तिथेच काच पुसत होते. त्यांनी मान हलवून मला दुजोरा दिला.

*

लोडशेडिंग सुरू झालं तसा हॅलोजन मांडववाल्याला परत गेला आणि आम्ही गच्चीवर गेलो. सूर्याला लोडशेडिंग नाही. रोज सकाळी अकराला नळ्या आणि जंतूंच्या बशा वर न्यायच्या, एक वाजता खाली आणायच्या.

गच्चीवर आमच्या आधीपासून लायब्ररीतल्या बाईंचा हक्क होता. त्या उन्हाळ्यात नागलीचे पापड घालायच्या. एके दिवशी वारा सुटला आणि आमच्या दोन बशांची झाकणं उडून त्यांच्या चादरीवर पडली. आता जंतू आमचे, चूक आमची. पण मी घाबरून बाईंनाच म्हणालो की तुमच्या पापडांमुळे आमचं संशोधन खराब झालं, शासनाचा पैसा आहे हा, कुणी परवानगी दिली तुम्हाला गच्ची वापरायची?

बाई रडवेल्या झाल्या. वैशालीने पापड ताब्यात घेतले आणि म्हणाली, काळजी नको, आपण ते निर्जंतुक करू. तिने ते खरोखरच ऑटोक्लेव्हमध्ये घातले, म्हणजे आमच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये. बाहेर आली ती करड्या रंगाची पेज. वैशालीने ती स्टीलच्या डब्यात ओतून बाईंना दिली आणि गंभीरपणे सांगितलं, "आता यात एकही जंतू नाही."

हा किस्सा सांगितला की सगळे पेजेपाशी हसतात. बाईंनी पुढची तीन वर्षं गच्चीवर पाय ठेवला नाही, ते मी सहसा सांगत नाही. आणि त्या दिवसापासून मला जंतूंची धास्तीच बसली. ती पुढे नडली, ते सांगतोच.

*

देवरे सर शिकवताना प्रमाण मराठी बोलायचे, इंग्रजी त्याहून शुद्ध. पण उत्साहात आले की त्यांची अहिराणी उसळून वर यायची. रविवारी आमच्या घरी फोन करून माझ्या वडिलांनाच विचारायचे, "मरी ग्यात का सगळा?" आमचे वडील सरकारी नोकरीतले, शांत माणूस. ते रिसीव्हर माझ्याकडे देऊन म्हणायचे, तुझ्या सरांचा आहे, कोणी शिल्लक आहे का विचारतायत.

पुण्याला एक सेमिनार होता. मोठमोठे लोक, एसी हॉल, गळ्यात कार्डं. एका बड्या संस्थेच्या माणसाने आमच्याच विषयावर भाषण केलं. सुंदर आलेख, सगळं चकचकीत. प्रश्न विचारायची वेळ आली तशी देवरे सर उठले. सुरुवात इंग्रजीत केली, पण मग त्यांना राहवेना. "नई, पन येक संच अंधारामा ठेवेल शे का?"

हॉल हसला. प्रश्न अगदी बरोबर होता. त्या माणसाने अंधारातला संच ठेवलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण हसण्यात ते वाहून गेलं. माझ्या शेजारी पुण्याची एक मुलगी बसली होती. तिने मला विचारलं, हे तुमच्याबरोबरचे का?

मी म्हणालो, "नाही, नाही. आमच्या बसमध्ये होते."

परतीच्या एसटीत संगमनेरच्या पुढे सरांनी डबा उघडला. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धी भाकरी मोडून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि शांतपणे म्हणाले, "घे रे. बसमधल्या माणसाची चालेल ना?"

ती अर्धी भाकरी संपेपर्यंत सिन्नर आलं.

*

सरांचा एक नियम होता. लॅबमध्ये तोंडी काही सांगायचं नाही, चिठ्ठी लिहायची. खाली सही आणि तारीख. तोंडी सांगितलेलं कुणी कबूल करत नाही, असं ते म्हणायचे.

या नियमाचे खरे भक्त भोयेमामा. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर न् अक्षर लावून वाचायचे. एकदा शनिवारी दुपारी मी भट्टीत पावडर भाजायला ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'मी येईपर्यंत भट्टीजवळून हलू नये.' मग चहाला म्हणून बाहेर पडलो. टपरीवर मॅच लागली होती. मॅच संपली आणि मी तिथूनच नाशिक रोडची बस पकडून घरी गेलो. भट्टी, चिठ्ठी, मामा, काहीच डोक्यात नव्हतं.

शनिवारी मामा त्यांच्या गावी जायचे. शेवटची गाडी संध्याकाळची. सोमवारी सकाळी मी आलो तर मामा भट्टीशेजारच्या स्टुलावर बसलेले. शनिवारची गाडी चुकलीच होती, रविवार त्यांनी कॉलेजातच काढला होता. पावडर जळू नये म्हणून भट्टी मात्र बाहेरच्या मेन स्विचवरून वॉचमनकडून बंद करून घेतली होती, कारण 'हलू नये' ही चिठ्ठी त्याच्यासाठी नव्हती.

मी ओरडलो. घरी का नाही गेलात?

ते खिशातून चिठ्ठी काढून म्हणाले, "सर, तुमची सही हाय ना यावर."

मी तेव्हा विद्यार्थी होतो. मला 'सर' म्हणणारा सगळ्या जगात तो एकच माणूस होता. आणि मी ही गोष्ट कँटीनमध्ये 'मामा किती बावळट' म्हणून सांगितली.

*

आता मुख्य गोष्ट.

पापडांच्या प्रकरणानंतर मला सगळीकडे जंतू दिसायला लागले. नळ्या नीट धुतल्या जात नाहीत, आपल्याला काहीतरी होणार, असं वाटू लागलं. आमच्या नळ्यांचे दोन संच होते. अंधाराच्या नळ्यांना मी काळा कागद चिकटवला होता. तो भिजला की निघायचा, म्हणून त्या मी स्वतः जपून धुवायचो, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने. उजेडाच्या नळ्या मामा धुवायचे. मी वैशालीच्या विभागातून जंतुनाशकाचा कॅन आणला आणि मोरीवर चिठ्ठी लावली: 'उजेडाच्या नळ्या. शेवटच्या पाण्यात दोन झाकणं औषध टाकणे. न विसरणे.' खाली सही, तारीख.

शेवटच्या पाण्यात! म्हणजे त्यानंतर साधं पाणी नाहीच. नळी वाळली की औषधाचा पातळ थर आत तसाच. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास मिळवलेल्या माणसाची ही चिठ्ठी.

पुढचे सात महिने काय रिझल्ट आले म्हणता! उजेडातले जंतू झाडून साफ, अंधारातले ठणठणीत. वैशाली दर वेळी एकच विचारायची, "पावडर न घालता नुसती उजेडात ठेवलेली नळी कुठंय?" असा तिसरा संच असावा लागतो. मी तो अगदी सुरुवातीला एकदा केला होता आणि मग कंटाळून सोडून दिला होता. दर वेळी म्हणायचो, आहे गं, वहीत आहे. पेपर लिहून झाला, पाठवला. सरांनी पेढे वाटले. सगळ्यात पहिला मामांना.

जुलैत मामा आवणीला गेले. त्यांच्याकडे भाताची रोपं लावायचे दिवस आले की घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. तीन आठवडे नळ्या मी धुतल्या, माझ्या सवयीप्रमाणे डिस्टिल्ड वॉटरने. आणि जंतू मरेनात. म्हणजे थोडे मरायचे, पण बाकीचे मजेत. मी पावसाळी उन्हाला दोष दिला. मग पावडरीला. शेवटी वैशालीला म्हणालो, "तुझे जंतू बिघडलेत."

ती म्हणाली, "बिघडले नाहीत. बरे झालेत."

मामा परत आले, पायांना चिखल्या झालेल्या, आणि जंतू पुन्हा मरायला लागले. मी खूश. वैशालीने मात्र एक धुतलेली नळी उचलली, नाकाशी धरली आणि सरळ मोरीवर गेली. मामांना विचारलं, यात काय टाकता? मामांनी कॅन दाखवला. ती तिथून देवरे सरांच्या केबिनमध्ये.

सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, भोयेंना बोलवा. मी लगेच म्हणालो, मी आणतो.

मला मामांना आणायचं नव्हतं. मला चिठ्ठी फाडायची होती. जिन्यावरून मी अक्षरशः पळत गेलो. मोरीवर पोचलो तर भिंत रिकामी! टेपचे चार तुकडे तेवढे राहिलेले. मामा हात पुसत उभे होते. ते म्हणाले, "चला, सर."

चिठ्ठी ओली होऊन पडली असेल, वाहून गेली असेल, असं मला वाटलं. काय सुटलो, हा विचार मनात आला. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार तोच.

केबिनमध्ये सरांनी मामांना विचारलं, हे औषध टाकायला कुणी सांगितलं? चिठ्ठी आहे का?

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

"चिठ्ठी नाय, सर. मीच टाकलं. जंतूंची भांडी, म्हनलं चांगली धुवावी."

सर माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

समोरच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता. मी त्यातलं झिंक शोधत होतो.

"नाही," मी म्हणालो.

*

सरांनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने पत्र लिहून पेपर मागे घेतला. एका शब्दानेही मला बोलले नाहीत. सात महिन्यांचं काम पुन्हा करायला लावलं, तिन्ही संचांसकट. वैशाली त्या वर्षी माझ्याशी कामापुरतं बोलली. तिने मोरीवर कधी चिठ्ठी पाहिली होती की नाही, हे मी तिला आजतागायत विचारलेलं नाही.

मामांचं प्रकरण मात्र ऑफिसात गेलं. निष्काळजीपणामुळे संशोधनाचं नुकसान, असा शेरा फाइलवर पडला. परमनंटची फाइल तिथेच थांबली आणि सत्र संपल्यावर टेंपररी ऑर्डरही पुढे वाढली नाही. सर दोनदा प्रिन्सिपॉलना भेटून आले. मी एकदाही गेलो नाही. मला फक्त जिना चढून जाऊन चार शब्द बोलायचे होते. रोज ठरवायचो, उद्या. थीसिस झाल्यावर. व्हायव्हा झाल्यावर.

जायच्या दिवशी मामा लॅबमध्ये आले. सगळ्या नळ्या धुऊन, उलट्या करून ठेवल्या, साध्या पाण्याने. मला म्हणाले, "सर, अभ्यास करा."

मी डॉक्टर झालो. थीसिसच्या पहिल्या पानावर आभार असतात. मी सरांचे मानले, वैशालीचे मानले, आई-वडिलांचे मानले, विनोद म्हणून मांडववाल्याचेही मानले. मामांचं नाव दोनदा टाइप केलं आणि दोनदा खोडलं. कशाबद्दल आभार, हे लिहिता येईना.

*

शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

चारेक वर्षांनी मी स्वतः एका तालुक्याच्या कॉलेजात लेक्चरर झालो होतो. विद्यार्थ्यांचं शिबिर घेऊन पेठच्या पुढे गेलो, तर गावात पाणी तपासण्याचं काम निघालं. एका पाड्यावर पोरं मला म्हणाली, सर, इथले एक आजोबा म्हणतात, बाटल्या अशा नाही धुवायच्या. वाकून पाहिलं तर भोयेमामा. माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना बाटली धुवायला शिकवत होते.

मला पाहून ते अजिबात दचकले नाहीत. पोरांना म्हणाले, "हे माझे सर."

घरी नेलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी. त्यांच्या बाईंनी मला पाटावर बसवलं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. मी इकडचं तिकडचं बोलत होतो. पाऊस, भात, रस्ता. मनात एकच वाक्य घोळत होतं आणि मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडत होतो.

मामांनीच विषय काढला. विचारलं, "मग सर, मरतात का आता? उजेडानं?"

मी म्हणालो, "मरतात, मामा. पण तेव्हासारखे नाही. थोडे मरतात."

"थोडे का व्हईना," ते म्हणाले. "खरे मरत्यात ना."

मग ते उठले. आतल्या खोलीत पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, घडी घालून रबरबँड लावलेली. त्यांनी ती माझ्या ताटाशेजारी ठेवली. आत एक कागद होता. चारही कोपरे फाटलेले, टेप ओढून काढताना फाटतात तसे. निळ्या शाईतलं अक्षर माझं. दोन झाकणं. न विसरणे. खाली माझी सही, तारीख.

मामा म्हणाले, "तुमची हाय, सर. त्या दिवशी देवरे सर खाली यायच्या आत मीच काढली व्हती. द्यायची राह्यली."